बीप वाजली की डावा हात

"येत्या शनिवारी सासरेबुवांचा हिरवा शर्ट माझ्या अंगावर असेल. पैज लाव!" वेन्डेल हॅचरने न्याहारीच्या टेबलावर जाहीर करून टाकलं.

"आधी अंगावरच्या शर्टाला लागलेला पाक पूस," नडीन म्हणाली.

बायकोच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करण्याचा वेन्डेलला सराव होता. हा शर्ट काही साधासुधा नव्हता. सीडर फोर्कच्या नेमबाजी क्लबचा संघ दर वर्षी ओक्लाहोमाच्या राज्य सामन्याला जायचा आणि त्या संघात म्हाताऱ्या एमेटने, म्हणजे नडीनच्या वडिलांनी, उभी हयात काढली होती. यंदा गुडघे बोलू लागले म्हणून त्यांनी आपला संघाचा हिरवा शर्ट धुऊन, इस्त्री करून, क्लबच्या भिंतीवर टांगला. शनिवारच्या सामन्यात जो पुढे येईल, त्याचा तो. दावेदार दोघंच होते. एक एमेटचा मुलगा लीलंड, दुसरा जावई वेन्डेल. लग्न झाल्यापासून हा बिचारा सासऱ्यांना 'सर' म्हणत आला आणि ते त्याला 'जावईबापू' म्हणत आले, तेसुद्धा नाकातून!

नेम दोघांचाही सारखाच. भांडण होतं ते रायफलचं रिकामं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, काढून भरलेलं चढवायचं कसं, यावर. लीलंड दोन मॅगझिनं शेजारी शेजारी चिमट्याने जोडायचा. एक संपलं की जोडी जरा सरकवायची, दुसरं चढलं!

"जुळी पोरं काखेत मारून बाजाराला निघाल्यासारखी दिसते तुझी रायफल," वेन्डेल त्याला चिडवायचा. "खरी चपळाई कमरेच्या पट्ट्यात असते, लीलंड! उजव्या बोटाने बटण दाबायचं, रिकामं खाली, डावा हात पट्ट्याकडे, भरलेलं वर. खट्!"

"भाऊजी, तुमचा डावा हात पट्ट्याकडे जाऊन परत येईपर्यंत मी डबा खाऊन घेईन."

हे वेन्डेलच्या मनाला लागलं. त्याने सामन्यातलं बीप करणारं टायमर विकत आणलं आणि सराव धरला. रिकामी रायफल, लाल प्लास्टिकच्या खोट्या गोळ्या आणि स्वयंपाकघर! बीप वाजली की बटण, पट्टा, खट्. बायकांनीसुद्धा सोळा सोमवार इतक्या निष्ठेने केले नसतील. सकाळी चहाकॉफीच्या आधी एकदा, रात्री झोपण्याच्या आधी एकदा, नेम चुकायचा नाही. मॅगझिनं आपटून फरशीचे टवके उडाले, तेव्हा नडीनने मुकाट्याने आईची जुनी गोधडी अंथरली.

फळ दिसू लागलं. हात असा चालायला लागला की स्वतः वेन्डेललाच तो दिसेना! फक्त एक झालं. एकदा मायक्रोवेव्ह वाजला आणि डाव्या हातातला कॉफीचा मग सरळ गोधडीवर गेला.

"हे काय?" नडीनने विचारलं.

"प्रगती!" वेन्डेल म्हणाला.

पुढची प्रगती रविवारी चर्चमध्ये झाली. प्रभुभोजनाचा विधी होता. द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचं तबक रांगेतून हातोहात फिरत होतं. माणसं डोळे मिटून बसलेली, टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. तबक वेन्डेलच्या दोन्ही हातांत आलं आणि नेमकी त्याच क्षणी मागच्या बाकावरच्या ओपल टिडवेल आजींच्या कानातल्या यंत्राची बॅटरी संपत आली.

बीप!

उजवं बोट ताठ. डावा हात तबक सोडून कमरेला. तबक कललं आणि सगळे पेले शेजारच्या माणसाच्या पांढऱ्या पॅन्टवर ओतले गेले. तेवढ्यात डाव्या हाताने पट्ट्याच्या म्यानातून मोबाइल उपसला आणि तबकाच्या बुडाशी खट् करून चढवला!

शेजारचा माणूस अर्थातच एमेट.

"जावईबापू," ते अगदी हळू म्हणाले, "देवाच्या घरात आहोत."

वेन्डेलला वाटलं, बाकाखाली शिरावं आणि चर्चला कुलूप लागेपर्यंत तिथेच राहावं. ज्या हाताने प्रसाद पुढे करायचा, त्या हाताने असं करावं? त्या रविवारी त्याने प्रार्थना केली ती एवढीच, की देवा, शनिवारी मला हे धुऊन काढू दे.

शनिवारी सगळं गाव मैदानावर. नियम सोपा होता. प्रत्येकाला दोनच मॅगझिनं. एक रायफलीत, एक जवळ. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी निशाणे इतके, की एका मॅगझिनात भागू नये; कमी वेळात सगळे पाडेल तो जिंकला.

आधी लीलंड. त्याची जुळी जड होती, नळी जराशी डुलली, दोन निशाणे हुकले, पुन्हा मारावे लागले. बदल बरा झाला. वेळही बरा म्हणावा असा.

"हे तर मी झोपेत मारीन," वेन्डेल नडीनच्या कानात पुटपुटला.

"जागा राहूनच मार," ती म्हणाली. मग त्याची कॉलर सारखी करत म्हणाली, "बाबांनी आज चष्मा पुसून घेतलाय. तुझ्यासाठी."

टायमर घेऊन एमेटच मागे उभे. त्यांनी पुकारलं, "भरा! ... तयार?"

वेन्डेलने मान हलवली. पॅन्टवरचे ते जांभळे डाग डोळ्यांपुढून जाईनात.

बीप!

उजवं बोट बटणावर. काठोकाठ भरलेलं मॅगझिन धप्पकन धुळीत. डावा हात पट्ट्याकडे, दुसरं वर, खट्!

एकही गोळी न झाडता!

पण असा बदल त्या मैदानाने कधी पाहिला नव्हता. लीलंडच्या तोंडून "वा!" निघून गेलं. वेन्डेलला काही कळलंच नाही. तो सुटला तो निशाण्यांमागून निशाणे पाडत पार दुसऱ्या टोकाला. तिथे रायफल थबकली. बटण दाबलं, रिकामं पडलं, डावा हात पट्ट्यावर गेला... पट्टा मोकळा! आणि तीन निशाणे समोर उभे.

"मागे!" कुणीतरी ओरडलं. "तुझं मॅगझिन मागे पडलंय!"

वेन्डेल वळणार, तोच एमेट गरजले, "नळी समोर!"

नळी लोकांकडे फिरली की सामन्यातून बाद. म्हणून देवाला पाठ दाखवायची नाही अशा बेताने भाविक देवळातून बाहेर पडतात, तसा तो निशाण्यांकडे तोंड करून उलट्या पावलांनी निघाला. अख्खं मैदान त्याला वाट सांगत होतं. "डावीकडे! अरे, तुझ्या डावीकडे! खड्डा!" खड्ड्यात पाय गेला. नळी समोर राहिली, वेन्डेल मात्र बसला. अखेर मॅगझिन सापडलं, धूळ झटकली, परत गेला, तीन निशाणे पाडले. तोवर ओपल आजींचं सँडविच संपलं होतं.

हिरवा शर्ट लीलंडला मिळाला. एमेटने चष्मा काढून खिशात ठेवला.

संध्याकाळी क्लबात जेवण होतं. हरलेल्याने जिंकलेल्याला ताट वाढून आणायचं, ही तिथली जुनी रीत. वेन्डेल खाली मान घालून निघाला. ताटात भाजलेलं मांस, राजमा, मक्याचा पाव. दालनाच्या मध्यावर आला आणि आत स्वयंपाकघरातल्या भट्टीचा गजर झाला.

बीप!

सगळे घास हवेतच थांबले. नडीनने डोळे मिटले.

ताट पडलं नाही! वेन्डेलने उजव्या हाताने ते छातीशी घट्ट धरून ठेवलं होतं. त्याने अभिमानाने सासऱ्यांकडे पाहिलं. "पाहिलंत सर? गेली सवय!"

एमेटने खिशातून चष्मा काढला, सावकाश डोळ्यांवर चढवला आणि ताटाच्या खाली पाहिलं. तिथे वेन्डेलचा डावा हात मोबाइल घेऊन बुडाला टेकला होता, खट् होण्याची वाट पाहत.

"जावईबापू," ते म्हणाले, "भरलेलं आहे ते. निदान संपू तरी द्या!"