सतरा मीटरची चूक

दिनांक १ नोव्हेंबर २००९, रविवार, सकाळचे सव्वानऊ. पणाला लागलेला ऐवज: माझी चार हापूस कलमं, वर्षाला सरासरी अठरा हजारांची. हजर माणसं तीन: मी, माझी पत्नी शालन आणि आमचे शेजारी दाजी मेस्त्री. दाजी डाव्या हातात उलटी उघडलेली छत्री आणि उजव्या हातात फोन घेऊन माझ्या बागेत शिरले, तिसऱ्या कलमाच्या मुळाशी थांबले आणि म्हणाले, "रे गुरुनाथा, तू उबो आसंस ती जागा माझी."

"कोण म्हणता?"

"मी खंय म्हणतंय? वरसून दिसता." दाजींनी हनुवटीनं आभाळ दाखवलं. "आभाळ खोटा बोलना नाय."

दाजींचा मुलगा सुहास मस्कतला मोठ्या बांधकामांवर मोजणीच्या यंत्रावर आहे. मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा त्यानं बापाला जीपीएसचा फोन दिला, त्यात नकाशा भरून दिला आणि परत गेला. तेव्हापासून आमच्या वाडीचा रविवार बदलला. सव्वानऊला दाजी त्यांच्या अंगणातल्या फणसाखाली उभे राहत. टोपी काढलेली, कारण टोपी उपग्रहाच्या आड येते. छत्री उलटी, कारण टीव्हीची डिश तशीच असते. पावसाळ्यात त्या छत्रीत पाणी साठायचं आणि दर पाच मिनिटांनी दाजी ते ओतून परत उभे राहायचे. साडेदहाला मस्कतहून फोन यायचा. तोपर्यंत कुणी बोलायचं नाही, हसायचं नाही, दगडी गडग्यावर तांब्याची कळशी वाळत घालायची नाही. एकदा शालननं घातली.

"गो शालन, ती कळशी काढ. माझो पाचवो उपग्रह गेलो."

"दाजी, तुमचो उपग्रह काय माझ्या कळशीत पडलो?"

"हस तू. सहा होये, सहा. पाचात भागना नाय."

त्या फोनच्या चुका मी स्वतः पाहिल्या आहेत. एकदा आम्ही फोंडाघाटहून कोल्हापूरच्या एसटीत बसलो. गाडी स्टँडवरून हललीही नव्हती आणि दाजींनी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "घाट चढलो! आपण कोल्हापूर जिल्ह्यात आसंव." कंडक्टर म्हणाला, "आजोबा, मग पुढचा तिकीट काढू नको काय?" एका रविवारी तर सुहासनं मस्कतला बसून आकडे संगणकात घातले आणि बापाला सांगितलं की तुम्ही किनाऱ्यापासून तीन किलोमीटर आत, दर्यात आहात. दाजी तो दिवसभर वाडीत सांगत फिरले, "आज मी दर्यात आसंय. जेवक माझी वाट बघू नकात."

इथवर मी हसत होतो. पण एक नोव्हेंबरच्या आकड्यानं आमच्या दोघांमधला हद्दीचा दगड माझ्या बागेत सतरा मीटर आत नेला, आणि दाजींनी साडेदहाच्या फोनवर मुलाला सांगितलं, तेही मोठ्यानं, की "गुरुनाथान दगड सरकवल्यान." संध्याकाळपर्यंत वाडीतल्या अकरा घरांत ते पोचलं. दुसऱ्या दिवशी दुधवाल्यानं मला विचारलं, "काय भाऊ, दगड जड हुतो?"

माझी नोकरी वीज कचेरीत मीटरची वाचनं तपासण्याची. तेवीस वर्षं झाली. एका वाचनावर मी कुणाचं बिल काढत नाही आणि एका वाचनावर कुणी मला चोर म्हणावं हे मला चालणार नव्हतं. मी दाजींना म्हटलं, फोन द्या, तपासतो. ते देईनात. "त्येका परको हात चलना नाय," म्हणाले. मग मी त्यांच्यामागे वही घेऊन उभा राहिलो. फणसाखाली एकाच जागी लागोपाठ अकरा वाचनं घेतली. अकराही वेगळी. सर्वात लांबच्या दोन वाचनांत एकतीस मीटरचा फरक.

"दाजी, फणसाच्या पानांतून ह्येका आभाळ दिसना नाय. सड्यार चला. उघड्या कातळार."

"सड्यार ऊन लागता."

"सकाळचे नऊ वाजलेत."

"गप रव रे. फोन बरो आसा. माझ्या झिलान दिलेलो आसा."

दाजी सुतार. दाराची चौकट अर्धा सूत वाकडी बसली तर यजमान जेवत असतानाही उखडून परत बसवणारे. माझ्या घराची खिडकी त्यांनी तीनदा काढली होती. असा माणूस सतरा मीटरची चूक सहा महिने कशी सोसतो, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. माझ्या डोळ्यांसमोर चार कलमं आणि दुधवाला होता.

पुढच्या शनिवारी मी कणकवलीच्या टेलिफोन बूथवरून मस्कतला फोन लावला. सुहास सज्जन आहे. शांतपणे सगळं सांगितलं. सेटिंगमध्ये जाऊन टॉवरवरून अंदाज घेणं बंद करा, नुसता उपग्रह ठेवा. बॅटरी काढून परत घाला. झाड आणि पत्रा टाळून उघड्यावर दहा-बारा मिनिटं हलू नका. सहा पट्ट्या भरल्याशिवाय आकडा वाचू नका. मी सगळं लिहून घेतलं. शेवटी तो म्हणाला, "काका, ह्या मी बाबांका पयल्याच आयतवारी सांगितलंय. मगे दर आयतवारी सांगतंय. त्यांका कळना कित्याक नाय, काय म्हायत."

ते वाक्यही मी लिहून घेतलं. पण तपासलं नाही.

१५ नोव्हेंबरला मी वाडीतली चार जाणती माणसं साक्षीला घेतली आणि दाजींना जवळजवळ ओढतच हद्दीच्या दगडावर नेलं. दगडावर झाड नाही. बॅटरी काढली, घातली, टॉवर बंद केला. तेरा मिनिटं थांबलो. सहा पट्ट्या भरल्या, सातवी आली. आकडा कागदावरच्या मोजणीशी जुळला. फरक चार मीटर. तीनदा घेतला, तिन्ही वेळा तेच. दगड जागच्या जागी होता. मी चोर नव्हतो. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

दाजी भांडले नाहीत. "बरा झाला," म्हणाले. "कलमां तुझीच रे. माका खंय होयी हुती." छत्री मिटून घरी गेले. साडेदहाला फोन वाजला तेव्हा मी गडग्याशीच होतो. "हां. बरोबर ईलो. चार मीटर. हां. बरो आसंय. हां. ठेव." एवढंच ऐकू आलं.

मला मात्र ते लेखी हवं होतं. वाडीनं माझ्यावर आळ तोंडी घेतला होता, तरी खुलासा मला कागदावरच पाहिजे होता, हा माझा स्वभाव. चार आठवडे मी दाजींच्या मागे लागलो. शेवटी १३ डिसेंबरच्या रविवारी ते अंगणात बसले होते, टोपी घालून. छत्री खुंटीला. समोर स्टुलावर फोन. अकरा वाजून गेले होते. त्यांनी आतून वही आणली आणि माझ्या हातात दिली. "ह्यात सगळा लिवलेला आसा. व्हर. माका आता नको."

घरी येऊन चष्मा लावला. सुताराची वही, रेघा पट्टीनं सरळ. पहिल्या रकान्यात तारीख. दुसऱ्यात फोननं दाखवलेली जागा. तिसऱ्यात चूक किती. चौथ्या रकान्याला नाव नव्हतं, नुसते आकडे. न कळणारा रकाना मी सोडून देत नाही. आठ मीटर चुकलं त्या रविवारी चौथ्या रकान्यात १९. अकरा मीटरला २२. सतरा मीटर आणि माझी चोरी, ४१. दर्यात तीन किलोमीटर गेले तो दिवस सर्वात मोठा: ५२. १५ नोव्हेंबर, चूक चार मीटर: ३. त्याखाली चार तारखा, जागा बरोबर, आणि चौथ्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य, शून्य.

साडेदहाच्या फोनची मिनिटं होती ती.

शालनला दाखवलं. तिनं वही खालपर्यंत वाचली आणि मिटून ठेवली. "वैनी गेल्यापासून दाजी एकटेच. चार वर्सा झाली," एवढंच बोलली. मला जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी परत त्याच बूथवर गेलो. तेवीस वर्षांत खोटं वाचन दिलं नव्हतं, ते त्या दिवशी दिलं. "सुहास, फोन परत चुकता रे. पंचवीस मीटर. बाबा हैराण आसत. तू जरा आयतवारी सावकाशीन समजाव त्यांका."

पलीकडे यंत्राचा आवाज येत होता. सुहासबद्दल वाईट बोलणार नाही. त्याला चूक सांगितली की तो तासभर बोलतो, तब्येत सांगितली की काय बोलावं ते त्याला सुचत नाही. बापही तसाच. तो म्हणाला, "काका, किती येळा सांगू? त्यांका ह्या वयात जीपीएस होया कित्याक? मीच चुकलंय. साधो फोन घेवन देवा. बिनत्रासाचो. मी पैशे धाडतंय."

मंगळवार, २२ डिसेंबर २००९. कणकवलीचा बाजार. हजर: मी, दाजी, दुकानदार. दुकानदारानं काचेच्या कपाटातून एक काळा फोन काढला. दाजींनी तो उलटा करून पाहिला, कानाला लावला, आभाळाकडे धरला आणि खाली घेतला.

"ह्येच्यात बिघाडता काय?"

"काय बिघाडना नाय, आजोबा," दुकानदार खुशीत म्हणाला. "धा वर्सा हात लावचो नाय."

सुहासनं पाठवलेले रुपये दोन हजार. पैकी दुकानदाराला दिले सोळाशे पन्नास, पावती घेतली. उरलेले साडेतीनशे दाजींच्या हातावर ठेवले. त्यांनी ते मोजले नाहीत.