न्हालेला रुपया

माझ्या साखरपुड्यात होणाऱ्या सासूबाई मला ओवाळायला वाकल्या, आणि शेजारचे दिगंबरकाका खिशातलं भिंग काढून त्यांच्या गळ्यावर वाकले.

काकांना त्यांच्या गळ्यातली जुन्या चांदीच्या रुपयांची माळ बघायची होती. सगळ्या मांडवादेखत काका निवांतपणे म्हणाले, "तिसरा चांगला हाय. बाकी समदे न्हालेले." धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. लग्न मोडलं नाही, पण आजही घरात काही कार्य निघालं की सासरे हळूच विचारतात, "ते भिंगवाले येणार आहेत का?"

काकांचं घर उदगीरला आमच्या भिंतीला भिंत लावून. त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं धान्याच्या मोंढ्यात तुरीची प्रत ठरवण्यात गेली. तोच डोळा ते घरी येऊन जुन्या नाण्यांवर लावत, आणि आता तर दिवसभर तेच चालतं. नक्षी शाबूत असलेलं नाणं 'जित्ता', झिजलेलं 'घिसलेला'. माणसंही यातून सुटत नाहीत. माझा मुलगा जन्मला तेव्हा "एकदम जित्ता" असा शेरा मिळाला. मला मिळालेला शेरा असा: "कडा बऱ्या हायेत, चेहरा घिसला."

सगळ्यात वाईट शेरा म्हणजे 'न्हालेला'. जुन्या चांदीवर हळूहळू काळसर झाक चढते आणि शौकिनांना तीच हवी असते. कुणी चिंच नाही तर राख लावून ती घासून काढली की नाणं कामातून गेलं. काका स्वतः नाणं दोन बोटांत कडेनं धरतात, चेहऱ्याला बोट लागू देत नाहीत. अत्तरवाले हमीदभाई एकदा आजोबांचा रुपया हौसेनं घेऊन आले. "न्हालेला," काका म्हणाले, अगदी कुणी गेल्यासारखं तोंड करून. हमीदभाई हिरमुसले. "मैंच चमकाया काका, तुमकू दिखाने कू!"

आता काकांच्या बायकोचं, शकूकाकूंचं सांगतो. काकांच्या पेटीतला सर्वांत चांगला नग म्हणजे निजामाच्या वेळचा चारमिनारचा रुपया. फार वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाला काकूंनी तो चिंचेनं घासून लख्ख केला आणि मोठ्या कौतुकानं पाटावर मांडला. काका असे ओरडले की गल्लीतल्या पणत्या लावणाऱ्या बायका हात तसेच ठेवून ऐकत राहिल्या. "अडाणी!" हा शब्द आमच्या अंगणातही ऐकू आला. तेव्हापासून काकूंनी त्या पेटीला हात लावलेला नाही. काका नाणी काढून बसले की त्या हात पदरात गुंडाळून घेतात. पूजेला दहाचं नवं नाणं ठेवतात.

गेल्या वर्षी नांदेडला एका मंगल कार्यालयात नाण्यांचं प्रदर्शन भरलं. काका पेटी घेऊन निघाले. काकूंना तिथल्या बहिणीकडे जायचं होतं, म्हणून त्याही आल्या. मी होतो, हमीदभाई होते. बाहेरगावचे एक तज्ज्ञ नाणी तपासून देत होते. काकांची नाणी बघून त्यांनी दोनदा मान डोलावली, आणि काकांची छाती फुगली. मग पेटीच्या तळातून तज्ज्ञांनी स्वतःच तो चारमिनारचा रुपया उचलला.

"अरेरे! हा तुमचा सगळ्यात भारी नग झाला असता. कुणी घासला हो? कोण तो अडाणी?"

भोवती गर्दी होती. काकूंचे हात पदरात गेले आणि मान खाली गेली. मला त्यांच्याकडे बघवेना.

"मी," काका म्हणाले.

"तुम्ही?"

"हाव. मीच घासला, चिंचेनं. तवा अक्कल न्हवती."

"काका, तुम?" हमीदभाई ओरडलेच. सगळे हसले. काकांनी आजवर ज्यांची नाणी नापास केली होती, ते तर जास्तच हसले. काकांचे कान लाल झाले. त्यांनी पेटी बंद केली. या माणसाची मला इतकी वर्षं चारचौघांत लाज वाटत आली होती. त्या दिवशी माझीच मला वाटली.

परतताना एसटीत काकांनी समोरच्या प्रवाशाच्या अंगठीकडेसुद्धा बघितलं नाही.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या दुपारी फराळाचं ताट द्यायला गेलो, तर काका न्हाणीच्या दाराशी उकिडवे बसलेले. पुढ्यात वाटीत भिजवलेली चिंच. तो रुपया त्यांनी काकूंपुढे धरला होता. काकू मागे सरकल्या.

"नगं बाई. माझे हात नगं त्याला."

"अगं, न्हालेलाच हाय. आनखी एकदा न्हाला तर काय बिघडतंय?" मी दारात उभा आहे हे काकांच्या लक्षातच आलं नाही. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "त्या वर्षी लई चमकवला होतास तू. मी नीट बघितलंच न्हाई."

काकूंनी पदरातून हात बाहेर काढले आणि रुपया घेतला.

"मग जावा, भिंग आना," त्या म्हणाल्या आणि चिंचेत बोटं बुडवली.