समोरच्या पाळणाघरातली दहा मुलं

समोरच्या वहिनींच्या दारावर 'शासन अनुदानित पाळणाघर, मुले वीस' अशी निळी पाटी लागली आणि त्या दिवसापासून हेडक्लार्कच्या पोटात जे दुखायला लागलं, ते कुठल्याही गोळीने थांबेना. त्याची बायकोही घरात पाळणाघर चालवायची. सहा वर्षं, दहा पोरं आणि कंबरेचा पार भुगा. आणि अनुदान मात्र समोर!

"पाटी बघ कशी मिरवतायत," तो गॅलरीतून म्हणाला. "रंगसुद्धा डोळ्यांत खुपतो."

"अहो, त्याचंच तर सांगतेय. जरा ऐका ना..."

"हं," तो म्हणाला. (हे 'हं' पुढे फार महागात पडलं.)

दुसऱ्या दिवशी त्याने पोटदुखीची रजा टाकली (खोटी तरी कशी म्हणायची?) आणि समोरची मुलं मोजली. दहा! पुन्हा मोजली. दहाच! तिसऱ्या दिवशीही तेच.

"वीस दाखवतात आणि दहा सांभाळतात!" त्याला इतका आनंद झाला की चहा बशीत सांडला.

त्याने लगेच निनावी तक्रार लिहिली. पण चोवीस वर्षांची कारकुनी हातातून थोडीच जाते! विषय आला, संदर्भ आला, जावक क्रमांक आला. खाली 'एक जागरूक नागरिक'. आणि त्याखाली, सवयीने, 'प्रत माहितीसाठी सादर : संबंधित पाळणाघर'. बरं, नुसतं लिहून थांबला नाही, प्रत टाकलीसुद्धा.

सोमवारी तपासणीच्या बाई आल्या. हेडक्लार्क गॅलरीत हात चोळत उभा होता. वीसेक मिनिटांनी बाई वहिनींना घेऊन बाहेर पडल्या, रस्ता ओलांडला आणि त्याच्याच दारावरची बेल वाजवली.

"उरलेली दहा इथे ना?"

"हो, या ना आत," बायको म्हणाली.

अर्ज दोघींचा मिळून होता! नियमाला वीस मुलं लागत, म्हणून दहा नि दहा. त्या पैशातून दोघींना मिळून एक मदतनीस ठेवता येणार होती. "महिनाभर सांगतेय मी ह्यांना," बायको म्हणाली. हेडक्लार्कच्या तोंडचं पाणी पळालं. एक पोर जरी कमी भरलं, तरी अनुदान गेलं असतं. आणि नेमकी नऊच भरली! दहावं टेबलाखाली त्याची चप्पल चावत बसलेलं सापडलं, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

"मोजणी बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण तक्रारीला लेखी खुलासा लागेल. नाहीतर हप्ता अडकेल."

वहिनींनी आपल्याला आलेली प्रत पुढे केली. बायकोने अक्षर पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. (ती ओरडली असती तर बरं झालं असतं.)

"अहो, तुमचं अक्षर छान आहे. बसा. मी सांगते, तुम्ही लिहा."

तो लिहू लागला. 'सदर इसम अत्यंत जळका व रिकामटेकडा असून रस्त्याच्या अलीकडे काय चालले आहे, याचा त्यास पत्ता नाही.' घाम पुसत त्याने 'जळका'ऐवजी 'मत्सरग्रस्त' सुचवून पाहिलं.

"जळकाच," दोघी एकदम म्हणाल्या.

बाईंनी खुलासा वाचला, तक्रारीच्या शेजारी धरून पुन्हा वाचला आणि चष्मा काढला.

"भाषा जरा कडक आहे. हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे का?"

"आमच्या पाळणाघरातलाच आहे," बायको म्हणाली. "अकरावा. त्याचं अनुदान मिळत नाही."