मलईला मेहंदी

"वाया कशाला घालवायचं?" असं अब्बा म्हणाले, की हीना सावध व्हायची. कारण त्यानंतर हमखास काहीतरी वाया जायचं.

त्या जुम्याला रहीमभाईंनी, म्हणजे हीनाच्या अब्बांनी, दाढीला मेहंदी लावली आणि वाटीत थोडी उरली. समोर मलई झोपली होती. हीना शाळेत असताना घरात आलेली ही पांढरीशुभ्र मांजर आता म्हातारी झाली होती. ऐकू येत नव्हतं आणि पाठीवरचे केस झडून गुलाबी कातडी दिसायला लागली होती. हीना रोज म्हणायची, "डॉक्टरकडे नेऊ." अब्बा रोज म्हणायचे, "बघू."

आज त्यांनी बघितलं. मेहंदीनं केस दाट होतात, हे त्यांचं ठाम मत. (त्यांच्या टकलावर याचा काहीच पुरावा नव्हता, पण मोठ्या माणसांच्या मतांना पुरावा कशाला लागतो?) त्यांनी मलईला झोपेतच माखलं, तासाभरानं धुतलं, पुसलं आणि नमाजला निघून गेले.

हीना कॉलेजातून आली तर मलईच्या गादीवर एक अर्धटकला, नारिंगी बोका पसरलेला!

"हुश्श! ऊठ!"

बोका ढिम्म. बेशरमच! हीनानं झाडू उचलला आणि एक फटका हाणून त्याला गल्लीत पिटाळलं.

मग मलई शोधली. मलई नाही. माळ्यावर नाही, पलंगाखाली नाही. बहिरी म्हातारी, आणि बाहेर उसाचे ट्रॅक्टर!

तेवढ्यात अब्बा आले.

"अब्बा, मलई गेली! एका बोक्यानं तिला हुसकावलं!"

"कसला बोका?"

"नारिंगी. अगदी तुमच्या दाढीसा..." हीना थांबली. अब्बांनी हळूच दाढीवर हात ठेवला.

"अब्बा!"

"थोडी उरली होती, बेटा."

"अहो, चाटून पोटात गेली म्हणजे?"

"आधी सापडू दे. मग ओरड."

दोघं धावत सुटले. (अब्बांच्या एका पायात स्वतःची चप्पल होती, दुसऱ्यात हीनाची.) गल्लीच्या टोकाला सत्यभामाकाकू शेळ्यांना पाला टाकत होत्या.

"पांढरी न्हाई दिसली बाई. पन एक लाल मांजर आलंय. लई थरथरत होतं. कुन्या मेल्यानं झाडूनं हानलंय, काड्या चिकटल्यात अंगाला. हात मोडो त्याचा!"

हीनानं उजवा हात ओढणीत लपवला.

दोन करडांच्या मधे, काकूंच्या जुन्या लुगड्यावर मलई घोरत होती. हीनानं काकूंना घट्ट मिठी मारली. "काकू, तुमचे उपकार कसे फेडू?" काकू म्हणाल्या, "आदी सोड तरी, पाला सांडला."

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलईला कोमट पाण्यानं पुन्हा नीट धुतलं, तपासलं आणि सांगितलं, "वय झालंय. मऊ खायला द्या, उबेत ठेवा. आणि यापुढं काही लावू नका." हीनानं डॉक्टरांचे आभार मानले, अल्लाचे मानले, आणि घरापर्यंत मलईला कुशीत घेऊन वेगवेगळ्या चपलांत चालणाऱ्या अब्बांकडे पाहून तिचा रागही विरघळला.

घरी आल्यावर तिनं मांडी घातली. "ये मलई, ये माझी शहाणी."

मलई तिच्याकडे न बघता पुढं गेली, अब्बांच्या मांडीवर चढली आणि हीनाकडे पाठ करून बसली.

"वा! रंगवलं तुम्ही आणि राग माझ्यावर?"

अब्बा मलईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "मेहंदी लावली तवा ती झोपली होती, बेटा. झाडू हानला तवा जागी होती."