आठ मिनिटांचा बूट

टीका पचवण्यात आमच्या फिल्म कॉलेजात माझा हात धरणारा कुणी नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या माहितीपटाचा पहिला कच्चा कट तयार झाला, तेव्हा मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'लोक म्हणतील ते ऐकायचं. रडायचं नाही.' आणि खाली दोन रेघा मारल्या!

विषय होता माझे मामा. चामड्याचे बूट बनवतात आणि त्यांचे तळ हातानं शिवतात. ती हातशिलाई म्हणजे त्यांची चाळीस वर्षांची अब्रू.

पहिला अभिप्राय एडिटिंगच्या सरांचा. बारा मिनिटं बघून झाल्यावर ते म्हणाले, "बाकी झकास! पण ती चार मिनिटांची शिलाई? सुई आत, सुई बाहेर, सुई आत... अरे, मला डुलकी लागली!"

मी जागच्या जागी अख्खी शिलाई उडवली. बारा मिनिटांचा बूट आठ मिनिटांत तयार! तळ चिकटवला, पॉलिश मारलं, दिला गिऱ्हाइकाच्या हातात.

मग म्हटलं, आता खरे प्रेक्षक हवेत. मामांच्या दुकानात लॅपटॉप मांडला आणि त्यांची नेहमीची गिऱ्हाइकं गोळा केली. फिल्म संपली. एक टाळी नाही! निवृत्त हेडनर्सबाईंनी सावकाश पायातला बूट काढला आणि उलटा धरला.

"म्हणजे तुम्ही नुसतं चिकटवता?"

"छे हो! शिवतो मी!" मामा उडालेच.

"आत्ता डोळ्यांनी बघितलं की!"

"अहो, मग हे टाके कसले दिसतायत?"

"शोभेचे असतील."

"तरीच माझा तळ निघाला," पोस्टमन म्हणाले.

"तुम्ही दिवसभर चालता म्हणून निघाला!" मामा ओरडले. पण ऐकतो कोण? दुरुस्तीला आणलेले तीन जोड आल्या पावली परत गेले.

मामांचा चेहरा एवढासा झाला. "शिलाई परत घाल बाबा. माझं नाव जाईल."

"मामा, गती जाईल!"

"सरांचं लगेच ऐकलंस ना?"

सरांकडे मार्क असतात, हे मामांना कसं सांगायचं? शिवाय वहीत 'ऐकायचं' असं लिहिलं होतं, 'करायचं' असं कुठे लिहिलं होतं? मी ठाम राहिलो. एक सेकंदही वाढणार नाही!

मामांनी माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. तुझे बूट ठेवून जा. तळ झिजलाय, नवा लावून देतो." मला अगदी भरून आलं. आपण ठाम राहिलो की घरचेही नमतात, बघा!

अंतिम प्रदर्शनाच्या दिवशी माझं नाव पुकारलं गेलं. मी नव्या तळाचे बूट वाजवत स्टेजच्या पायऱ्या चढलो. तिसऱ्या पायरीवर मी पुढे गेलो आणि उजवा तळ मागेच राहिला! सभागृह हशानं दणाणलं. दुसऱ्या रांगेतून मामा उठले.

"तुझ्या फिल्मप्रमाणेच बनवलाय रे! चिकटवला, पॉलिश मारलं. शिलाईत वेळ नाही घालवला!"

मी तळ उचलला. चाळीस वर्षं एक माणूस जे जीव लावून करतो, तेच मी डुलकीपायी कापलं होतं. खरंच लाज वाटली. माईकवर एवढंच म्हणालो, "फिल्म अपुरी आहे. आठवडा द्या."

आठवड्यानं पुन्हा दुकानात तीच मंडळी आणि बारा मिनिटांची फिल्म. शिलाई सुरू झाली आणि चार मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. मामांची मान ताठ! जिंकलो, असं मी म्हणणार, तोच हेडनर्सबाई म्हणाल्या, "मी मोजले. फिल्ममधल्या बुटाला बावन्न टाके आहेत. माझ्याला अठ्ठेचाळीस!"

"माझ्यालाही अठ्ठेचाळीसच!" पोस्टमन म्हणाले.

"चार टाके खाल्ले म्हणायचे!"

मामा घामाघूम होऊन माझ्याकडे बघू लागले. आता त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? ते चार टाके मला इतके आवडले होते, की एडिटिंग करताना मी ते दोनदा जोडले होते!