भोंग्याची अट

नारायणभाऊ गावंडे भोंगा फुकट द्यायचे आणि घेणारा पस्तावायचा.

आमच्या राजापेठेत तेव्हा तो एकच भोंगा. सोबत एक माईक, बॅटरीवर चालणारं मशीन आणि गजराचं घड्याळ. लग्न असो, उरूस असो, गणपती असो, नारायणभाऊ सगळं सायकलला बांधून हजर. अट एकच. कार्यक्रमात पाच मिनिटं दुसऱ्या धर्माचा माणूस बोलणार. तो माणूस नारायणभाऊच आणणार, आणि त्यानं देवाचं नावही काढायचं नाही. "देवावर आले का लोकं भांडतेत," ते म्हणायचे. "आपल्याले काय तरास हाय, थे सांगा." पाच मिनिटांनी गजर व्हायचा आणि ते वायर काढून घ्यायचे.

मी चौथी शिकलेली. सभा-बिभा मला कळत नाहीत. पण स्वयंपाकघरात बसून सगळं ऐकू यायचं, त्याला इलाज नव्हता. एका लग्नात मंगलाष्टकांच्या आधी मौलवीसाहेब उभे राहिले आणि शेळ्यांना लागलेल्या खुरकुतीबद्दल बोलले. मंडळी इतकी मन लावून ऐकत होती की मुहूर्त टळता टळता राहिला. उरसात एका कीर्तनकार बुवांना आणलं. बुवा सवयीनं देवाकडे वळले आणि वायर निघाली. उरलेला वेळ ते नुसते हात हलवत होते. मिशनच्या पाद्रीबाबांनी हनुमान जयंतीला सांगितलं की त्यांच्या अंगणातले पेरू कोणीतरी चोरतं. चोर समोरच बसले होते, पेरू खात.

मग एका गणपतीत त्यांनी तायडे मास्तरांना आणलं. मास्तर नागपूरच्या दीक्षेनंतर बौद्ध झालेले. शाळेत शिकवायचे. ते म्हणाले, "मी राजापेठेत खोली शोधतो आहे. अकरा दारी गेलो. सगळं ठरतं, मग आडनाव विचारतात, आणि मग खोली आधीच गेलेली असते." ते हळू बोलत होते. गजर झाला तरी त्या दिवशी नारायणभाऊंनी वायर काढली नाही.

त्या अकरांतलं एक दार आमचं होतं. नाही म्हणणारी मीच होते.

आठवडाभर कोणी हललं नाही. शेवटी नारायणभाऊंनी आपल्या घराची पुढची खोली मास्तरांना दिली आणि त्यांच्या ताटाशेजारी ताट मांडून जेवू लागले. दोन गल्ल्यांपलीकडे त्यांचे थोरले भाऊ किसनराव राहत. त्यांचा निरोप आला, आमच्या पंगतीत आता तुझं पान नाही.

नारायणभाऊंचं लग्न झालेलं नव्हतं. कुटुंब म्हणाल तर भावाचं, लेक म्हणाल तर भावाची शांता. तिला त्यांनी खांद्यावर खेळवलेलं. चार वर्षं त्यांची दिवाळी नुसत्या खिचडीवर गेली, पण कुरकुर नाही. मग शांताचं लग्न ठरलं, तेव्हा नवं धोतर घेऊन माझ्याकडे आले. "वयनी, हे लग्नात नेसलं तं चालन का?" निमंत्रण आलेलं नव्हतं. मी म्हटलं, चालेल.

मुलगा अकोल्याचा. व्याह्यांनी कळवलं, भोंगा पाहिजेच. बडनेऱ्याचा भोंगा त्या दिवशी दुसरीकडे लागलेला. किसनरावांनी आमच्या ह्यांना मध्ये घातलं. निरोप साधा होता. अट सोड, भोंगा दे, पंगतीला ये.

मला वाटलं, सुटला बिचारा. नारायणभाऊ म्हणाले, "अट अटच हाय."

"अहो, सख्खा भाऊ," हे म्हणाले.

"सख्ख्या भावाले तं आगुदर."

किसनराव दोन दिवस तणतणले आणि व्याह्यांच्या भीतीनं कबूल झाले. पानाचं मात्र पुन्हा कोणी बोललं नाही.

लग्नाच्या दिवशी नारायणभाऊ नव्या धोतरात, मागे कोट घालून तायडे मास्तर. मास्तर बोलायला उठणार, तेवढ्यात किसनरावांनी माईक धरला. "ह्या घराले दुसऱ्या धर्माचा मानूस एकच हाय, आमचा नारायण. त्यानंच बोलावं." मांडव हसला. व्याहीही हसले.

नारायणभाऊ माईकवर आजवर 'ह्यालो, ह्यालो' याच्यापुढे गेलेले नव्हते. घड्याळ लावून उभे राहिले. टिकटिक साऱ्या राजापेठेत ऐकू येत होती. मिनिट गेलं, दोन गेली. हसणं थांबलं. मग म्हणाले, "मले तसा तरास काई नाई. सनाले कोनी जेवाले बलावत नाई, तेवढंच." शांताकडे वळून म्हणाले, "शांते, सुखात राय." आणि गजराच्या आधीच त्यांनी आपली वायर आपणच काढली.

पानं मांडली गेली. किसनराव उठून त्यांच्याजवळ गेले. काय बोलले ते आम्हा बायकांना ऐकू आलं नाही. नारायणभाऊंनी मास्तरांकडे बोट केलं. किसनरावांनी मान हलवली आणि ते परत फिरले. नारायणभाऊंनी भोंगा उतरवला, सायकलला बांधला आणि मास्तरांना घेऊन निघून गेले.

चारच्या सुमारास ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. पाणी मागितलं.

"दादा म्हनला, जेवाले चाल. मी म्हनलो, संगं मास्तर हायेत. थो म्हनला, एकटाच ये."

मी विचारलं, मग जेवले कुठं? मास्तरांनी पिठलं टाकलं होतं म्हणाले. तांब्या रिकामा झाला तरी उठेनात.

"पन वयनी, 'चाल' म्हनला न थो? तुमी पायलं न?"

बायकांच्या घोळक्यातून मला किसनरावांची पाठ तेवढी दिसली होती.

"पायलं न," मी म्हटलं. "दोनदा म्हनले."