नाहीचा तास

शुक्रवारी शेवटच्या तासाला सॅम्युअल सर वर्गात यायचे, हातातला खडू टेबलावर ठेवायचे आणि कुणा एकाला उभं करून भलतंच फर्मान सोडायचे. "ऊठ गा वासुदेव. खिडकीतून बाहेर उडी मार." किंवा, "कुमुद, त्याचा डबा उचलून आण इकडं. मले भूक लागली."

मुकाट्यानं ते काम केलं, तर शून्य गुण. नुसतंच उभं राहिलं, तर दोन. 'नाही' म्हटलं, तर पाच. पण दहापैकी दहा हवे असतील तर ताठ उभं राहायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, 'नाही, सर, कारण' म्हणायचं आणि कारण एका वाक्यात द्यायचं. ओरडायचं नाही, रडायचं नाही. 'माय रागावते' हे कारण तर अजिबात चालायचं नाही. "मायचं नाव कायले घेतं? तुहं कारण सांग!" जमलं की सर मान डोलवायचे. "ऐकलं. बस."

वेळापत्रकात या तासाला 'नीतिशिक्षण' लिहिलेलं असे. आम्ही त्याला नाहीचा तास म्हणायचो.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. आजकाल आमच्या वस्तीच्या सभेत कुणीतरी उठतं, मी छापलेलं पत्रक हवेत नाचवतं आणि विचारतं, "बाई, तुम्ही मिशनच्या मिडल स्कूलच्या ना? काय शिकवलं हो तिथं?" काहींना वाटतं, तिथं पोरं बाटवतात. काहींना वाटतं, तिथं काटे-चमचे धरायला शिकवतात. या दोघांपैकी एकानंही त्या बाकावर एक दिवस काढलेला नाही. तर ऐका. सातवीच्या वर्षात आम्ही दशांश अपूर्णांक शिकलो. वांग्याला आळं कसं करायचं ते शिकलो. काजं-बटणं शिकलो, मुलंसुद्धा. पेटीवर प्रार्थना शिकलो. शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, तासाला राजाच्या सोन्याच्या मूर्तीपुढं न वाकल्यामुळं जळत्या भट्टीत टाकलेल्या तीन तरुणांची गोष्ट शिकलो. माझ्या वर्गातलं कुणी बाटलं नाही, आणि चमचा मला अजून नीट धरता येत नाही. पण नाही म्हणता येतं. तुमच्या किती शाळा हे शिकवतात? सांगा ना!

त्या तीन तरुणांना सरांनी दहापैकी दहा दिले होते. "समोर भट्टी पेटून राहिली, तरी कारण एका वाक्यात. याले म्हणतात नाही!" आणि कोंबडा आरवायच्या आत तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणाऱ्या येशूच्या शिष्याला शून्य. "हा भेकडाचा 'नाही'. माह्या वर्गात चालत नाही." पण ते शून्य देताना सर जरा घुटमळायचे. का, ते आम्हाला ठाऊक होतं. सगळ्या शाळेला ठाऊक होतं. सॅम्युअल सरांना स्वतःला कुणालाच नाही म्हणता यायचं नाही.

शाळेचा चपराशी गावी जाताना आपली बकरी त्यांच्या खोलीत बांधून गेला. "दोन दिवस राहू द्या, मास्तर." चपराशी परत आला, बकरी राहिली. ती तिथंच व्याली, आणि सर मधल्या सुट्टीत पिल्लांना पाला घालायला घरी पळू लागले. देवळात, म्हणजे मिशनच्या चर्चमध्ये, गाण्याच्या वेळी त्यांना जाड आवाजाच्या माणसांत उभं केलं होतं. सरांचा आवाज शिट्टीसारखा. दर रविवारी ते तोंड नुसतं हलवायचे. आणि त्यांची सायकल! गणिताच्या मास्तरांनी ती एकदा पोस्टात जाण्यापुरती मागून नेली होती. तेव्हापासून सर पायी शाळेत यायचे आणि मागून घंटी वाजली की बाजूला व्हायचे. घंटी त्यांच्याच सायकलची असायची.

सातवीच्या हिवाळ्यात सांगण्यात आलं, मिशनच्या अहवालासाठी फोटो काढणार. आमच्या विणकर वस्तीतली पोरं त्यात हवीत. मी घरी पळत गेले. बाबा मागावर होते. माझं ऐकून घेतलं, लुगड्याचा पदर पुरा केला आणि इतवारीच्या बाजारात जाऊन माझ्यासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आले. आयुष्यातले पहिले. संध्याकाळी मला ते घालून गल्लीत इकडून तिकडं चालायला लावलं. शेजारणींनी दारात येऊन पाहिलं. बाबा म्हणाले, "फोटोत पाय आले पाहिजेत, बरं!"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी साहेब फोटोग्राफरला घेऊन आले. आम्हाला पिंपळाखाली उभं केलं. साहेबांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"बूट-चपला काढा, बेटा. सगळ्यांनी. आणि केस जरा विस्कटा. परदेशातल्या लोकांना कळायला हवं ना, आपण गरिबांसाठी काम करतो." असं म्हणून त्यांनी वासुदेवचे तेल लावून चापून बसवलेले केस स्वतःच्या हातांनी विस्कटले.

पोरं वाकली. चपला निघू लागल्या. मी ताठ उभी राहिले. साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं.

"नाही, साहेब. कारण हे बूट माझ्या बाबांनी या फोटोसाठीच घेतले आहेत."

वासुदेवनं काढलेली चप्पल हळूच परत पायात सरकवली. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी. फोटोग्राफर कॅमेऱ्यावर फडकं टाकून बिडी ओढायला गेला.

साहेब लाल झाले. सॅम्युअल सरांना बोलावणं गेलं. "तुमच्या वर्गाची मुलगी आहे. हिला माफी मागायला लावा आणि बूट काढायला लावा. नाहीतर हिचं नाव काढून दाखला हातात देतो. समजलं?"

"हो, साहेब," सर म्हणाले.

हो! शुक्रवारांमागून शुक्रवार आम्हाला उभं करणारा माणूस हो म्हणाला!

आम्हाला ऑफिसात नेलं. साहेब खुर्चीत बसले. सर माझ्यासमोर उभे राहिले, अगदी शुक्रवारच्यासारखे.

"कुमुद, माफी माग."

"नाही, सर. कारण मी काही चुकीचं केलेलं नाही."

सरांनी मान डोलवली. "ऐकलं. बस." आणि ते साहेबांकडं वळले. हात मागं बांधले. एका हातानं दुसरं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, मला मागून दिसत होतं.

"नाही, साहेब. कारण..."

आणि पुढं बांध फुटला. "कारण तिच्या बापानं बूट घेतले ते लपवायले घेतले का? पोरगी गरीब दिसली पायजे म्हणून तिले गरीब कराचं का आपण? मी नाही लावणार माफी मागायले. अन् देवळात मी जाड आवाजात गाणार नाही, मले येत नाही! अन् ती सायकल माही आहे! अन् बकरी माही नाही!" सरांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि शिट्टीसारखा आवाज पार व्हरांड्यापर्यंत पोचत होता. साहेबांना बकरीचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाले, "जा तुम्ही. दोघंही."

शाळेतून माझं नाव कुणी काढलं नाही. फोटो निघाला, बूट घालून. अहवालात तो छापला नाही. वर्ष सरताच सरांची बदली कळमेश्वरच्या पलीकडं, एका खेड्यातल्या शाळेत झाली. शिक्षा होती ती, दुसरं काही नाही. आणि मी ती विसरलेली नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही ऑफिसातून बाहेर आलो आणि सर पायऱ्यांवर थांबले. रुमालानं तोंड पुसलं.

"किती गुण देशील वं?"

"दहा."

"खोटं नको बोलू. कारण एका वाक्यात नव्हतं. वरतून रडलो. बकरीचं तर काहून काढलं मी, देव जाणे."

"पण मले काहून इचारता, सर?"

सर रुमालाची घडी घालत राहिले. "आज पहिल्यांदा जमलं मले. घरी जाऊन सांगू कोणाले? बकरीले?"

मला हसू आलं, आणि लगेच गेलं. मी ताठ उभी राहिले.

"नाही, सर. दहाच. कारण तुम्ही घाबरून राहिले होते, तरी म्हटलं."

सरांनी रुमाल खिशात घातला. मग त्यांनी मान डोलवली.

"ऐकलं," ते म्हणाले, आणि स्वतःच पायरीवर बसले, सातवीतल्या पोरासारखे. मीही शेजारी बसले, पाय पुढं करून, बूट दिसतील असे.

तेवढ्यात मागून घंटी वाजली. गणिताचे मास्तर व्हरांड्यातून सायकल उतरवत होते. सर सवयीनं अर्धे उठले. मग परत खाली बसले.

घंटी वाजत राहिली. सर हलले नाहीत.